अपेक्षांपूर्वीच्या मुलाचा भ्रम

समाजाने अपेक्षांचे ओझे लादण्यापूर्वी प्रत्येक माणसाच्या ठायी एक निर्मळ, निर्भय आणि स्वतःशी प्रामाणिक असे मूल होते, पुढे घर, शाळा, जात, नोकरी आणि लग्न यांनी ते दडपून टाकले, आणि प्रौढ वयातील अस्वस्थतेवरचा खरा उपाय म्हणजे मागे जाऊन त्या मुलाला शोधून काढणे होय, हे मत अलीकडे मराठी मध्यमवर्गात जवळजवळ निर्विवाद मानले जाऊ लागले आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, समुपदेशकांची व्याख्याने, दिवाळी अंकांतील ललित लेख आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांतून ते इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागणे हाच उद्धटपणा ठरावा. ‘आतले मूल’ ही या मतातील कळीची संज्ञा असून, बालपणीचे अनुभव आणि दुखावलेल्या भावना प्रौढाच्या मनात जणू एका स्वतंत्र व्यक्तीच्या रूपाने नांदत असतात, अशी कल्पना तिच्यामागे आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की समाजापूर्वीचे असे मूल कधी नव्हतेच, आणि ज्यांना समाजाच्या अपेक्षांनी सर्वाधिक चिरडले त्यांना हा उपाय सांगणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपमानकारकही आहे.

विरोधी पक्षाची बाजू त्याच्या उत्तम रूपात मांडल्याविना तिचा प्रतिवाद करणे योग्य नव्हे. डाव्या हाताने लिहू पाहणाऱ्या मुलाच्या हातावर पट्टी मारून त्याला उजव्या हाताची सवय लावणारी शाळा महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रौढांनी पाहिलेली आहे. भिंतीवर कोळशाने चित्रे काढणाऱ्या मुलाला ‘चित्रांनी पोट भरत नाही’ असे ऐकवणारे घरही अपवादात्मक नाही. आणि ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाने किती मुलींचे गाणे, पोहणे आणि मोठ्याने हसणे बंद झाले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. अशा माणसाला चाळिशीत आपण कुणाचे तरी आयुष्य जगत आहोत असे वाटले, तर ती जाणीव खोटी म्हणता येणार नाही. चूक पुढच्या पावलात होते. अमुक अपेक्षेने नुकसान केले या खऱ्या निरीक्षणावरून, सर्व अपेक्षांच्या आधी एक पूर्ण घडलेला ‘मी’ होता, या निष्कर्षावर उडी घेतली जाते, आणि या दोहोंमधली दरी कोणाच्या लक्षातही येत नाही.

या कल्पनेची वंशावळ पाहिली तर ती पुरातन शहाणपण नसून बऱ्यापैकी अर्वाचीन आहे, असे दिसते. तिचा ठळक उगम झां-झाक रूसो याच्या १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात सापडतो, ज्यात मूल निसर्गतः चांगले असते आणि समाज त्याला बिघडवतो, असा सिद्धान्त शिक्षणाच्या आराखड्यासह मांडलेला आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात मात्र एमिलची भावी पत्नी सोफी हिला पुरुषाला रिझवण्यासाठी आणि त्याच्या सोयीसाठी घडवावे, असे रूसो निःसंकोच सांगतो. म्हणजे समाजमुक्त बालपणाचा हा आद्य पुरस्कर्ता ते बालपण निम्म्या मानवजातीला देऊच करत नव्हता, आणि त्याने स्वतःची पाच अपत्ये पॅरिसच्या अनाथालयात धाडली होती हे लक्षात घेता उरलेल्या निम्म्यांनाही फारसा दिलासा वाटण्याचे कारण नाही. विसाव्या शतकात ही कल्पना मानसोपचाराच्या मार्गाने परतली. १९९० साली अमेरिकी समुपदेशक जॉन ब्रॅडशॉ यांनी ‘होमकमिंग’ या पुस्तकातून आतल्या मुलाला परत मिळवण्याचा कार्यक्रम लोकप्रिय केला आणि मराठीत आज जे ऐकू येते ते बहुतांशी त्याचेच दूरचे पडसाद आहेत.

या मताचे समर्थक अधिक शास्त्रीय आधार म्हणून डोनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाचा दाखला देतात. विनिकॉट यांनी १९६० सालच्या निबंधात ‘खरे स्व’ आणि ‘खोटे स्व’ असा भेद केला होता; खोटे स्व म्हणजे इतरांच्या मागण्यांशी जुळवून घेताना मुलाने धारण केलेला मुखवटा, आणि खरे स्व म्हणजे त्याच्या उत्स्फूर्त हालचालीतून, आपण जिवंत आहोत या जाणिवेतून उगवणारे केंद्र. परंतु दाखला देणारे विनिकॉट यांचे पुढचे वाक्य वाचत नाहीत, असेच म्हणावे लागते, कारण त्यांच्या मते खरे स्वसुद्धा आपोआप फुलत नाही. तान्ह्या मुलाच्या उत्स्फूर्त हावभावाला आईने वेळोवेळी प्रतिसाद दिला, तरच ते आकाराला येते. ज्या लेखकाने बाळाचा विचार त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून वेगळा करताच येत नाही असा आयुष्यभर आग्रह धरला, त्याला समाजापूर्वीच्या एकट्या मुलाचा साक्षीदार म्हणून उभे करणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

समाज मुलापर्यंत केव्हा पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना वाटते त्याहून फार आधीचे, म्हणजे जन्माच्याही आधीचे आहे. डिकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी १९८६ साली दाखवून दिले की गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बालक ओळखते आणि अनोळखी उताऱ्यापेक्षा तो ऐकणे पसंत करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रेंच आणि जर्मन कुटुंबांतील, अवघ्या तीन ते पाच दिवसांच्या ६० बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित केले गेले, तेव्हा फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा आढळला, आणि हे चढउतार त्या त्या भाषेच्या हेलाशी जुळणारे होते. टाहो फोडणे ही माणसाची सर्वांत ‘नैसर्गिक’ कृती मानली जाते. तिच्यावरसुद्धा मातृभाषेचा ठसा आधीच उमटलेला असेल, तर समाजाचा स्पर्श न झालेला काळ कोणता, हे सांगण्याची जबाबदारी तो काळ होता म्हणणाऱ्यांवर येते.

भाषेचा हेल मूल स्वतः टिपते, पण अपेक्षा तर त्याच्याकडून काहीही न होता त्याच्यावर येऊन पडतात. जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांच्या १९७६ सालच्या प्रयोगात प्रौढ प्रेक्षकांना एकाच बाळाची एकच चित्रफीत दाखवली होती. डबा उघडताच उसळून बाहेर येणारे बाहुले पाहून ते बाळ रडू लागते. हे बाळ मुलगा आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला आणि मुलगी आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांना भीती अधिक दिसली. रागावलेल्या बाळाशी आणि घाबरलेल्या बाळाशी मोठी माणसे वेगवेगळे वागतात, आणि त्या वागण्याच्या हजारो आवृत्त्यांतून मूल आपण कोण हे शिकत जाते.

खरे तर मराठी वाचकाला यासाठी परदेशी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नव्हती. षोडश संस्कारांतील पुंसवन हा विधी गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, मुलगाच व्हावा म्हणून करण्याचा आहे. म्हणजे आपल्या परंपरेने समाजाच्या अपेक्षेचा आरंभ कुठे होतो हे कार्यशाळेतल्या मार्गदर्शकांपेक्षा अधिक अचूक ओळखले होते. सोनोग्राफी यंत्राने त्याच अपेक्षेला नवे हत्यार दिले, म्हणून महाराष्ट्राला १९८८ साली, देशात सर्वप्रथम, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला आणि तरीही राज्यातील शून्य ते सहा वयोगटातले दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ मधील ९१३ वरून २०११ च्या जनगणनेत ८९४ पर्यंत घसरले. ज्या मुली जन्मल्या त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला आले ते सातारा जिल्ह्यातील ‘नकुशी’ हे नाव. मुलगी नको होती आणि असे नाव ठेवले की पुढचा मुलगा होतो, या समजुतीने ठेवलेले हे नाव त्या मुली शाळेच्या हजेरीत ऐकत होत्या, शिधापत्रिकेवर वाचत होत्या आणि अंगणात खेळताना त्याच नावाच्या हाकेला ओ देत होत्या.

या नकुशीला ‘समाजाच्या अपेक्षा लादल्या जाण्यापूर्वीच्या तुला शोध’ असे सांगून पाहावे. ती मागे जाईल तितकी तिला आपण नको असल्याचीच जाणीव सापडेल, कारण तिच्या बाबतीत नकार पहिल्या आठवणीच्याही आधीचा आहे. तिची सुटका झाली ती दुसऱ्याच वाटेने. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा प्रशासनाने जाहीर समारंभ करून अशा अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली आणि त्यांतल्या अनेकींनी आपली नावे स्वतः निवडली. अंतर्मनाच्या प्रवासाशी या घटनेचा काही संबंध नव्हता. मंडप होता, अधिकारी होते, प्रमाणपत्रे होती आणि नव्या नावाला साक्षी असलेले लोक होते. समाजाने दिलेले नाव समाजासमोरच बदलावे लागले, आणि बदलल्यावर जी मुलगी घरी परतली ती हरवलेली सापडलेली नव्हती, नवी होती.

बालपणात स्वाभाविक बंडखोरी असते आणि समाज ती मारून टाकतो, हे या मताचे दुसरे गृहीतक. त्याची परीक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आत्मकथनपर टिपणांत, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, होते. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाटाचा तुकडा न्यावा लागे आणि शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसल्यामुळे तो रोज परत आणावा लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे, आणि शिपाई नसला तर पाणी नसे. १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी ते भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. अंगात नवे सदरे, डोक्यावर झगझगीत टोप्या, पायांत नवे जोडे असा थाट पाहून स्थानकप्रमुखाने ही ब्राह्मणांची मुले समजून आस्थेने चौकशी केली, आणि महार हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. घेऊन जायला कोणी आले नव्हते, भाड्याची गाडी न्यायला कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एकजण राजी झाला. डब्यात खायला भरपूर होते, पण प्यायला पाणी कोणी देईना, म्हणून ती रात्र मुलांनी उपाशी काढली.

या प्रसंगाविषयी आंबेडकर जे सांगतात ते प्रस्तुत वादात निर्णायक ठरावे. आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना त्याआधीही ठाऊक होते, गोणपाट आणि नळ यांची त्यांना सवय होती, आणि ते सारे त्यांनी तसेच असायचे म्हणून स्वीकारलेले होते. मसूरच्या त्या प्रवासाने त्यांना प्रथमच धक्का दिला आणि विचार करायला भाग पाडले. याचा अर्थ विचार करणारा, नाकारणारा, प्रश्न विचारणारा आंबेडकर हा अपेक्षांच्या आधीचा नव्हे, अपेक्षांशी झालेल्या टकरीनंतरचा आहे. पुढे महाडचे चवदार तळे १९२७ साली त्यांनी खुले केले तेव्हा ते नऊ वर्षांच्या मुलाचा निरागसपणा परत मिळवत नव्हते. त्या वयात जे निमूटपणे मानले होते तेच मोडत होते. बालपणीचा स्व हाच खरा मानला, तर गोणपाटावर बसणे स्वाभाविक समजणारे मूल खरे आणि चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा प्रौढ समाजाने घडवलेला म्हणून खोटा, असा विपरीत निष्कर्ष स्वीकारावा लागेल. तो कोणी स्वीकारणार नाही, हे उघडच आहे. पण मग मूळ सिद्धान्तही सोडावा लागतो.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण घटनाक्रमाच्या दृष्टीने याहून साधे आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर झाली, घरातल्या मोठ्या बायकांचा विरोध सोसत त्यांनी मराठी आणि नंतर इंग्रजीचे शिक्षण घेतले आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या रमाबाईंना मराठी वाङ्मय ओळखते त्या पूर्णपणे त्या बालपणानंतरच्या आहेत. समाजसुधारक पतीची अपेक्षा आणि सनातनी घराची अपेक्षा यांच्या कात्रीत त्या घडल्या, आणि पतीची ही विरोधी अपेक्षा मिळाली नसती तर घराच्या अपेक्षेविरुद्ध उभे राहायला त्यांना जागाच उरली नसती. अपेक्षामात्राला शत्रू समजणारे मत हा फरक करू शकत नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

आता स्मृतीकडे वळावे. प्रौढांना साधारणपणे वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचे जवळजवळ काहीच आठवत नाही. मानसशास्त्रात याला शैशवविस्मृती म्हणतात. म्हणजे ज्या काळात समाजाचा प्रभाव तुलनेने कमी असण्याची शक्यता होती तोच नेमका स्मृतीच्या पलीकडे आहे, आणि जे आठवते ते अंगणवाडी, बाराखडी, पाहुण्यांसमोर म्हटलेली कविता अशा, अपेक्षांनी आधीच भरलेल्या काळातले असते. त्यातही स्मरण ही साठवलेली वस्तू बाहेर काढण्याची क्रिया नसून दर वेळी नव्याने रचण्याची क्रिया आहे, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडले. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी दुकानांच्या गर्दीत आपण हरवलो होतो अशी कधीच न घडलेली हकीकत नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितल्यावर २४ पैकी सुमारे चतुर्थांश व्यक्तींना ती पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागली. डोळे मिटवून, मंद संगीताच्या साथीने, ‘सहा वर्षांच्या तुम्हाला भेटा’ असे सांगणाऱ्या सत्रात जे मूल भेटते ते कितपत सहा वर्षांचे आणि कितपत त्या दिवशीच्या सूचनेचे, हे ठरवण्याचे साधन ना सहभागी व्यक्तीकडे असते ना मार्गदर्शकाकडे.

यावर एक गंभीर आक्षेप शिल्लक राहतो आणि तो टाळता येणार नाही. अनेक समलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती सांगतात की आपले वेगळेपण त्यांना फार लहानपणापासून जाणवत होते आणि समाजाने ते झाकायला लावले. मग त्यांचे बालपण खरे आणि नंतरचे सोंग खोटे, असे म्हणण्यात चूक काय? चूक इतकीच की उपजत कल आणि स्व या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. कल, म्हणजे स्वभावाची किंवा आकर्षणाची जन्मजात दिशा, असते हे मान्य. परंतु ती जन्मजात असेल तर चाळिशीतही शाबूत असते आणि तिच्यासाठी मागे जावे लागत नाही. बालपणी होती ती बहुधा निःशब्द बेचैनी. तिला नाव, सोबती आणि कायद्याचे संरक्षण मिळाले ते संघटनांनी लढे दिल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली पारलिंगी व्यक्तींचे हक्क मान्य केल्यावर आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७ खालील गुन्हेगारीचा शिक्का पुसल्यावर. त्या बेचैनीचा ‘मी’ व्हायला माणसे लागली.

बालपणाचा आदर करणे आणि बालपणाचे सोवळे पाळणे यांतला फरक महाराष्ट्रात सर्वांत स्पष्टपणे ज्यांनी दाखवला त्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचे काम केल्यावर त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या वारली पाड्यांत काम नेले. मूल बालवाडीत येत नाही असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलाच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. ही माणसे मुलाचे स्वातंत्र्य मानणारी होती, पण समाजाविना मूल फुलते असे ती कधी म्हणाली नाहीत. मुलाभोवतीचा समाज कसा असावा, त्याच्या हाताला काय लागावे, त्याच्याशी कोणी कसे बोलावे, याचीच त्यांनी उमेदीच्या वर्षांत मांडामांड केली. कुरणातल्या त्या मुलाचा खरा स्व गुरांमागे धावण्यात आहे असे रम्य विधान करून त्याला तिथेच ठेवणे सोपे होते.

या मताचा प्रतिवाद करण्याची निकड अखेर तात्त्विक नाही. स्वतःचे हरवलेले बालपण शोधणारा प्रौढ बहुधा एखाद्या मुलाचा आई किंवा बाप असतो, आणि अपेक्षा लादणारा ‘समाज’ म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने तोच असतो. रविवारी सकाळी स्वतः रंग उधळायचे आणि संध्याकाळी सात वर्षांच्या मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेच्या पूर्वतयारीच्या वर्गाला सोडायचे, ही विसंगती अनेक सुशिक्षित घरांत सुखाने नांदते, कारण मागे वळून पाहणाऱ्या दृष्टीला समोरचे मूल दिसत नाही. समोरच्या मुलासाठी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे आणि त्यातले काही कायद्यात लिहिलेलेही आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेण्यास बंदी आहे, पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केलेली आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाला मुलाखतीला बसवा असे सांगणाऱ्या शाळेसमोर पालकांनी हे तेरावे कलम ठेवावे, आणि तिथे न डगमगता लेखी उत्तर मागावे.